सुपर बोलमध्ये मुख्य प्रशिक्षक नक्की कसला हिशेब करत असतो?

विश्रामबागकर
सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे ५ ला सुरू होतो. सांगलीत आम्ही सातआठ जण मिळून बघतो. दहा यार्ड पुढे जायला चार डाऊन म्हणजे प्रयत्न, बॉल गोलरेषेपलीकडे नेला की टचडाऊनचे ६ गुण, एवढं आता सगळ्यांना येतं. अडतंय ते साइडलाइनवरच्या माणसापाशी. कुस्तीत वस्ताद हौद्याबाहेरून डाव ओरडतो, कबड्डीत कोच टाइमआउटला चार शब्द सुनावतो, ते कळतं. इथे हा कानाला हेडसेट आणि हातात भलंमोठं कार्ड घेऊन तीनसाडेतीन तास करतो काय? डाव तर बऱ्याचदा सहायकच सांगतो म्हणे. मग हरल्यावर शिव्या यालाच का?
शिवाय दोन जुनी भांडणं मिटवून द्या. २०१५ ला सिअ‍ॅटलच्या पीट कॅरोलने एका यार्डावरून पास का टाकायला लावला? आणि २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या काइल शानाहानने ओव्हरटाइममध्ये आधी बॉल का घेतला?

कृष्णाकाठ
डाव कोण सांगतो हे संघागणिक बदलतं. कॅन्सस सिटीचा अँडी रीड, शानाहान, रॅम्सचा शॉन मॅकव्हे हे मुख्य प्रशिक्षक आक्रमणाचे डाव स्वतः सांगतात. न्यू इंग्लंडच्या बेलिचिकने ते काम बहुतेक काळ सहायकाकडे ठेवलं. सांगणारा कुणीही असो, वेळ तोकडाच. एक डाव संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद, आणि हेल्मेटमधला रेडिओ १५ सेकंद उरले की आपोआप बंद. आक्रमणात एक आणि बचावात एक, अशा दोघांच्याच हेल्मेटमध्ये तो असतो. मागे हिरवा ठिपका दिसतो. म्हणजे डाव ठरवून सांगायला २५ सेकंदसुद्धा पुरते मिळत नाहीत. त्यासाठीच ते कार्ड: कितवं डाऊन, किती यार्ड हवेत, बॉल कुठे आहे, त्याप्रमाणे डाव आधीच मांडून ठेवलेले असतात.

मुख्य प्रशिक्षकाने स्वतःकडे ठेवायचं ते घड्याळ आणि टाइमआउट. प्रत्येक हाफला तीन. उरलेले पुढच्या हाफला मिळत नाहीत. खेळाडूला मैदानातच पाडलं तर घड्याळ चालू राहतं, पास जमिनीवर पडला तर थांबतं. आता हे गणित पाठ करा. आघाडीवर असलेल्या संघाकडे फर्स्ट डाऊनला बॉल आहे आणि समोरच्याकडे एकही टाइमआउट नाही, तर शेवटची २ मिनिटं नुसतं तीनदा गुडघा टेकून (बॉल हातात घेऊन डाव तिथेच संपवून) संपतात. समोरच्याकडे एक टाइमआउट असेल तर साधारण १ मिनिट २० सेकंद संपवता येतात, दोन असतील तर ४० सेकंद, तीन असतील तर जेमतेम पाचसहा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अकराच खेळाडू मैदानात आहेत ना, या गोंधळात टाइमआउट उडवणारा प्रशिक्षक शेवटची ४० सेकंद तिथेच गमावून बसतो.

शिव्यांचं म्हणाल तर २०१७ चा अटलांटा बघा. २८–३ अशी आघाडी होती, ती २८–२० वर आली. पाच मिनिटांहून कमी वेळ उरलेला, आणि बॉल न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांवर. तीनदा पळून फील्ड गोल (खांबांमधून किक, ३ गुण) मारला असता तर ३१–२०, म्हणजे समोरच्याला दोनदा गुण करावे लागले असते. पहिल्या डाऊनला पळून उलट एक यार्ड गमावला. मग पास टाकायला क्वार्टरबॅक मागे गेला आणि १२ यार्डांचा सॅक खाल्ला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला, त्यावर होल्डिंगचे (बेकायदा धरून ठेवल्याचे) १० यार्ड दंड. फील्ड गोलचा पल्लाच गेला, पंट करावा लागला, म्हणजे बॉल लाथेने दूर मारून समोरच्याला द्यावा लागला. डाव सांगत होता शानाहान, तो तेव्हा तिथे सहायक होता. पण हेडसेटवर “पळवा” एवढा एक शब्द बोलायचा अधिकार मुख्य प्रशिक्षक डॅन क्विनचा होता. शिव्या त्या न बोललेल्या शब्दाच्या.

मिरज_जंक्शन
कॅरोलला लोक उगाच वेडा ठरवतात. हिशेब मांडा: सेकंड डाऊन, १ यार्ड, २६ सेकंद, सिअ‍ॅटलकडे एकच टाइमआउट. तिन्ही डाऊन वापरायचे असतील तर तिन्ही वेळा पळून चालत नाही. पहिल्यांदा अडले की टाइमआउट जातो, दुसऱ्यांदा अडले की घड्याळ चालूच राहतं आणि चौथ्या डाऊनला रांग लावेपर्यंत वेळ संपू शकते. एक पास मध्ये घातला की तो अडला तरी घड्याळ फुकट थांबतं. त्यात समोरच्या बेलिचिकने तीन कॉर्नरबॅक (पास अडवणारे) आणि बाकी सगळे दांडगे (पळणाऱ्याला अडवणारे) असा बचाव उतरवला होता. पास टाकणं चुकीचं नव्हतं. चुकला तो पासचा प्रकार. मधल्या गर्दीत आत वळणारा स्लँट समोरच्याने पकडला तर सामनाच संपतो. कोपऱ्यात उंच टाकला असता तर बहुधा टचडाऊन नाही तर बाहेर. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो स्लँट अचूक ओळखला आणि पकडला.

माझ्या मते त्या मिनिटातला खरा निर्णय बेलिचिकचा. आधीच्या डावात सिअ‍ॅटलचा मार्शॉन लिंच एका यार्डावर पडला तेव्हा मिनिटभर उरलं होतं. कुणीही टाइमआउट घेतला असता, म्हणजे गुण खाल्लेच तर उत्तर द्यायला वेळ उरतो. याने घेतला नाही. समोरच्या साइडलाइनवर गडबड दिसत होती, टाइमआउट दिला असता तर त्यांना सावरायला वेळ मिळाला असता. जुगारच होता तो. पकडला नसता तर आज याच धाग्यावर त्याला धुतलं असतं.

कराडचा_पाहुणा
घड्याळाचाच एक उलटा प्रकार राहिला: मुद्दाम गुण न करणं. २०१२ मध्ये जायंट्स १५–१७ असे मागे होते, तरी बेलिचिकने बचावाला बाजूला व्हायला सांगितलं, म्हणजे जायंट्सने घड्याळ संपवून फील्ड गोल मारण्याआधी निदान आपल्याला बॉल तरी परत मिळेल. जायंट्सचा अहमद ब्रॅडशॉ गोलरेषेवर थांबायला गेला आणि तोल जाऊन मागच्या मागे टचडाऊनमध्ये बसला. ५७ सेकंद उरली. जायंट्स २१–१७ ने जिंकले म्हणून निभावलं. २०२३ मध्ये ३५–३५ असताना कॅन्सस सिटीच्या जेरिक मॅकिनन समोर वाट मोकळी असूनही गोलरेषेच्या अलीकडे घसरून बसला. घड्याळ संपवलं, ८ सेकंद असताना फील्ड गोल, ३८–३५. पळणाऱ्याला हे आधीच्या हडलमध्येच (डावाआधीच्या घोळक्यात) सांगावं लागतं. पाय पळायला लागले की कुणी ऐकत नाही.

चॅलेंजचा, म्हणजे पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यायचा लाल रुमालही याच हिशेबातला. दोन चॅलेंज मिळतात. २०२४ पासून एक जरी बरोबर ठरलं तरी तिसरं मिळतं. चुकलं तर टाइमआउट जातो, आणि टाइमआउट शिल्लक नसेल तर चॅलेंजच करता येत नाही. प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि ओव्हरटाइममध्ये रुमाल चालत नाही, तिथे वरून तपासणी होते. टचडाऊन आणि बॉल गमावणं तसंही आपोआप तपासतात. तेव्हा पहिल्या क्वार्टरमध्ये चार यार्डांसाठी रुमाल टाकणारा दिसला की समजा, हिशेब कच्चा.

दोन गुणांचा पाठलागही तसाच: टचडाऊननंतर किकचा सोपा एक गुण सोडून दोनसाठी जायचं. २००४ मध्ये जॉन फॉक्सच्या कॅरोलायनाने २१–१६ वर बारा मिनिटांहून जास्त वेळ असताना दोन गुणांसाठी प्रयत्न केला, फसला. २२–२१ वर परत केला, परत फसला. सामना ३२–२९ ने गेला. पुढे काय झालं असतं कुणी सांगू शकत नाही, पण इतक्या लवकर एकेक गुण सोडायची घाई नव्हती.

विश्रामबागकर
कार्डाचं कोडं सुटलं राव. पण शानाहानचं राहिलंच. नाणेफेक जिंकून आधी बॉल घेतला तर बिघडलं कुठे?

वाईची_वाट
२०२२ पासून प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) ओव्हरटाइमचा नियम असा: पहिल्या संघाने टचडाऊन केला तरी दुसऱ्याला एकदा बॉल मिळणारच. त्यानंतर जो पहिला गुण करेल तो जिंकला. शानाहानचा हिशेब तिसऱ्या खेपेचा होता. दोघांची बरोबरी झाली तर तिसऱ्यांदा बॉल आपल्याकडे. शिवाय त्याचा बचाव नुकताच मैदानावरून दमून आला होता. युक्तिवाद अगदी पोकळ नाही.

पण दुसऱ्याला आपल्याला नेमकं किती हवेत ते माहीत असतं. सॅन फ्रान्सिस्कोने ९ यार्डांवर चौथ्या डाऊनला फील्ड गोल मारून २२–१९ केलं, कारण समोरचा काय करेल ते ठाऊक नव्हतं. कॅन्सस सिटीला मात्र पंटचा विचारच करायचा नव्हता. चौथं डाऊन आणि १ यार्ड आलं तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स स्वतः ८ यार्ड पळाला. कबड्डीतल्या करो या मरो चढाईसारखंच. शेवटी टचडाऊन, २५–२२. समजा सॅन फ्रान्सिस्कोने टचडाऊन केला असता, तरी दुसऱ्याला टचडाऊननंतर दोन गुणांचा प्रयत्न करून तिसरी खेप येऊच द्यायची नाही ही सोय होतीच. म्हणून माझं मत: समोर महोम्स असताना दुसरा बॉल घ्यावा. आणखी एक लाजिरवाणी बाब म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंना हा नियमच ठाऊक नव्हता, त्यांनी नंतर तसं सांगितलं. रीडच्या संघाने त्याची उजळणी करून ठेवली होती.

मिरज_जंक्शन
@वाईची_वाट महोम्सबद्दल मान्य. पण बचाव दमलेला असताना त्यालाच परत मैदानात पाठवायचं? मी शानाहानच्या बाजूने.

कृष्णाकाठ
भांडणात भर: बेलिचिक ९ सुपर बोल, ६ जिंकले. रीड ६ पैकी ३. डॉन शूला ६ पैकी २, त्यात १९७२ च्या हंगामाचा १७–०, म्हणजे एकही सामना न हरता. चक नोल ४ पैकी ४. मार्व्ह लेव्ही ओळीने ४ हरला. दोन वेगवेगळे संघ अंतिम सामन्यात नेणारे सात जण झाले, दोन्हींबरोबर जिंकलेला एकही नाही.

विश्रामबागकर
पुढच्या वेळी पाटीवर दोन्ही संघांचे उरलेले टाइमआउट खडूने लिहून ठेवतो. ग्रुपातला जो कोणी ४० सेकंदांचं गणित चुकवेल, चहा त्याच्याकडून.