भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये बायका इतक्या कमी का?

निंबोणी
१९०१ पासून भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले सव्वादोनशेच्या आसपास लोक. त्यात बायका पाच: मेरी क्यूरी १९०३, मारिया गोपर्ट मायर १९६३, डॉना स्ट्रिकलंड २०१८, अँड्रिया गेझ २०२०, अ‍ॅन लुइलिये २०२३. पहिल्या दोघींमध्ये साठ वर्षं गेली, त्यानंतर आणखी पंचावन्न. क्यूरीबाईंचं नावसुद्धा राहिलंच होतं. फ्रेंच अकादमीतल्या मंडळींनी शिफारस केली ती तिचा नवरा पिएर आणि शास्त्रज्ञ बेकरेल यांची. मिटाग-लेफ्लर या स्वीडिश गणितज्ञानं पिएरना आतली खबर कळवली, पिएरनी मेरीचाही विचार व्हावा असं लिहिलं, तेव्हा कुठे ती आत आली. 'बायका या विषयात नव्हत्याच' ही मला पळवाट वाटते.

काटकोन
पळवाट कशी? स्ट्रिकलंड यांचा लेसरवरचा पेपर १९८५ चा, बक्षीस २०१८ ला. नोबेलची यादी म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगशाळांचा हजेरीपट. २०१८ ते २०२३ मध्ये तिघी आल्याच की. जरा धीर धरा. बायकांसाठी कोटा आणलात तर प्रत्येक विजेतीकडे लोक 'बाई म्हणून मिळालं' याच नजरेनं बघतील. नोबेल ठरवणाऱ्या स्वीडिश अकादमीच्या सरचिटणीसांनी २०२१ ला कोटा नाकारला, बरोबर केलं.

सरळरेषा
हजेरीपटावर नाव असलेल्यांचं काय झालं ते बघू. अणुविखंडनाच्या शोधात वाटा असलेल्या लीझे माइटनर यांचं नाव भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून पन्नासच्या आसपास वेळा सुचवलं गेलं. अणुविखंडनाचं नोबेल एकट्या ऑटो हान यांना. चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-६० वर प्रयोग करून निसर्ग डावं-उजवं नेहमी सारखंच मानत नाही, हा ली आणि यांग यांचा तर्क खरा ठरवला. १९५७ ला बक्षीस त्या दोघांना, वू बाहेर.

काटकोन
वूंचं उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी तारखा विसरतात. नामांकनाची मुदत ३१ जानेवारी, वूंचा पेपर छापून आला फेब्रुवारी १९५७ मध्ये. नियमातच बसत नव्हतं.

सरळरेषा
१९५७ ला नाही बसलं, मान्य. १९५८ ला? १९७० ला? बाई १९९७ पर्यंत हयात होत्या. वुल्फ पारितोषिकवाल्यांनी १९७८ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंच बक्षीस त्यांना दिलं. म्हणजे काम कुणाला दिसत नव्हतं असं नाही.

घाटमाथा
तुम्ही दोघं समितीवर अडकलात. खरी गळती आधीच होते. गोपर्ट मायर कितीतरी वर्षं विनापगार शिकवत आणि संशोधन करत होत्या, कारण नवरा त्याच विद्यापीठात नोकरीला. पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली ती १९६० मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर. अणुकेंद्राच्या रचनेचं ते गाजलेलं काम तोवर करून झालं होतं! नोबेल मिळाल्यावर गावच्या पेपरात मथळा काय, तर सॅन डिएगोच्या आईला नोबेल.

आपल्याकडच्या बिभा चौधुरी घ्या. देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या प्लेटा ठेवून त्यांनी विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या, खुणा टिपल्या. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या प्लेटा मिळेनात, काम अडलं. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांनी याच पद्धतीत सुधारित प्लेटा वापरल्या आणि १९५० चं नोबेल नेलं. हिसकावलं असं मी म्हणणार नाही, प्लेटाच नव्हत्या तर काय करणार. पण नंतर मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) पहिल्या महिला संशोधक म्हणून रुजू झालेल्या या बाईंचं नाव इथे किती जणांनी ऐकलंय?

निंबोणी
मी नव्हतं ऐकलं. धन्यवाद.
काटकोन, कोटा मीही मागत नाहीये. नावं सुचवणाऱ्यांनी स्त्रिया आणि इतर देश यांचाही विचार करावा, असं अकादमी आता निमंत्रणातच लिहिते. हे आधीच करता आलं असतं.

काटकोन
निमंत्रणाला हरकत नाही. माझी हरकत निकालात हात घालायला आहे.

निंबोणी
ठीक. पण 'धीर धरा' म्हणता, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. दीर्घिकांच्या फिरण्यावरून कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचा, भक्कम पुरावा देणाऱ्या व्हेरा रुबिन डिसेंबर २०१६ मध्ये गेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. अजून किती धीर धरायचा होता त्यांनी?

काटकोन
त्याच कामातले त्यांचे जोडीदार केंट फोर्ड २०२३ पर्यंत होते. त्यांनाही नाही मिळालं. ते तर पुरुष होते ना?