ट्रॉली सकाळी उचलते, दुपारी अर्ध्यावर थांबते. पंप बदलू का?

काळी_माती
नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातून लिहितोय, जिल्हा यवतमाळ. 45 एचपीचा ट्रॅक्टर, बारावं वर्ष चालू आहे. सध्या तलावातला गाळ वावरात टाकणं सुरू आहे. सकाळी सातला पहिल्या तीन-चार खेपा ट्रॉली झटक्यात उलटते. अकरानंतर ऑइल तापलं की जॅकचा पहिला टप्पा निघतो आणि दुसऱ्यावर ट्रॉली अडून बसते. रेस वाढवली की वीतभर वर जाते, कमी केली की तिथंच. काल भर उन्हात अर्धा गाळ फावड्यानं ओढला, तेव्हा कुठं उलटली.

मिस्त्री येऊन गेला. पाच मिनिटं आवाज ऐकला अन् म्हणाला, पंप गेला. पंपाचे सोळा हजार, मजुरी वेगळी. ऑइल मागच्या दिवाळीला बदललं होतं. बाहेर कुठंही गळती नाही. पाऊस पडायच्या आत 60 खेपा बाकी आहेत. पंप टाकून मोकळा होऊ की आधी काही तपासू? आणि नागपुरात किंवा यवतमाळात पंप बेंचवर लावून तपासून देणारं कोणी आहे का?

धुऱ्यावरचा
भाऊ, जादा दाब सोडून देते त्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली एक वायसर टाका अन् मोकळे व्हा. आमच्या गावात समदे तेच करतेत. नाहीतर 90 नंबरचं गिअर ऑइल भरा, दाट रायते, तापलं तरी पातळ होत नाई.

पाना_बावीस
वायसर नको, 90 नंबर तर अजिबात नको. वायसरनं दाब मर्यादेच्या वर जातो, मग होज फाटतो नाहीतर पंपाची बॉडी तडकते, आणि गळती असेल तर ती तशीच राहते. दाट ऑइलनं दुपार निभेल, पण सकाळी थंड असताना ते जाळीतून पंपाकडे पोचतच नाही. पंप उपाशी फिरतो, करकरतो आणि आतून खरवडला जातो. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं अन् लिफ्टचं ऑइल एकच असतं, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच हवं.

काळी_माती, तुमच्या दोन ओळींतच बरंच निदान आहे. थंड असताना चालतं आणि तापल्यावर नाही, म्हणजे ऑइल आतल्या आत कुठूनतरी परत पळतंय. व्हीजी 68 हे हायड्रॉलिक ऑइल घ्या, नुसतं समजण्यापुरतं. 40 अंशाला त्याचा दाटपणा 68 असतो, 80 अंशाला पंधराच्या आसपास उरतो. जी फट सकाळी ऑइल अडवते, तीच दुपारी त्याला वाट देते.

दुसरं, रेस वाढवल्यावर वर जाते. नुसती रिलीफची स्प्रिंग मऊ पडली असती तर रेसनं फारसा फरक पडला नसता, ती ठरलेल्या दाबाला उघडतेच. पंप दाब बनवत नाही, तो ऑइल ढकलतो. पुढं अडलं की दाब चढतो. रेस दिली की गळतीपेक्षा जास्त ऑइल येतं, म्हणून वीतभर उचलते.

पण गळती पंपातच आहे हे आवाजावरून कसं कळलं? वाटेत रिलीफ आहे, कंट्रोल व्हॉल्व्ह आहे, पंपापासून व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप अन् त्याच्या रबरी ओ-रिंगा आहेत. आधी फुकटातलं करा. ट्रॅक्टर तापलेला असताना शेजाऱ्याची भरलेली ट्रॉली जोडून पाहा, आणि तुमची त्याच्या ट्रॅक्टरला. दोष ट्रॅक्टरकडं आहे की ट्रॉलीकडं, दहा मिनिटांत कळेल.

मग दाबाचं गेज लावा. होज प्रेस करणारे अर्ध्या इंची कपलरवर 250 बारचं गेज बसवून देतात. ट्रॉलीच्या कपलरला जोडा, लिव्हर पाच सेकंदच ओढा, आकडा लिहा. सकाळी एकदा, तापल्यावर एकदा. दोन्ही वेळा आधी स्लो रेसवर, मग 1500 आरपीएमवर. धरून बसू नका, ऑइल आणखी तापतं.

काळी_माती
आकडा किती यायला हवा दादा?

पाना_बावीस
बऱ्याच ट्रॅक्टरांत 150 ते 200 बारच्या मधला असतो, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल हरवलं असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा त्या मॉडेलचा चाचणी अहवाल शोधा. त्यात पंपाचा प्रवाह अन् रिलीफचा दाब छापलेला असतो.

दुसऱ्याच टप्प्यावर का अडते, तेही सांगतो. समजा पहिला टप्पा 100 मिलिमीटर व्यासाचा, दुसरा 80 चा. 150 बारला पहिला 12 टनांचा जोर देतो, दुसरा पावणेआठ टनांचा. दाब कमी पडला की आधी बारीक टप्पा बोलतो. आणि ब्रासभर ओला गाळ म्हणजे चार-साडेचार टन सहज.

पोकलेनवाला
पाना दादा बरोबर सांगून राह्यले. आमच्या मशीनच्या चालीच्या मोटरीलेबी असंच होते, सकाळी चढ चढते, दुपारी एक बाजू ढिली. तिथं आमी केस ड्रेनचा, म्हंजे मोटरीत आतल्या आत गळलेलं ऑइल टाकीत नेते तो पाइप काढून बादलीत सोडतो, लोड देऊन एक मिनिट घड्याळ लावतो. मंग दुसऱ्या बाजूच्या मोटरीचं तसंच. जी दोन-तीन पट जास्त ओकते ती घासली. ड्रेन बंद करून पायजा नोको, शाफ्टचं सील बाहेर येते. तुमच्या गिअर पंपाले असा ड्रेन रायत नाई, तुमाले गेजच.

जिनिंग_फिटर
विषय थोडा वेगळा, पण पंप बदलायच्या आधी विचार करावा म्हणून. आमच्या कापसाच्या गाठी दाबणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसला एकदा अचानक दाबच येईना. पंप खोलायला घेतला होता. नंतर लक्षात आलं, आदल्या रात्री डीपीवर काम झालं होतं अन् दोन फेज उलटे जोडले गेले होते. मोटर उलटी फिरत होती. पंप शाबूत, पण उलटं फिरून शाफ्टचं सील गेलं ते गेलंच. तेव्हापासून लाइनचं काम झालं की मी आधी मोटरच्या पंख्याकडे पाहतो.

आणि काळी_माती, होजवर बारीक फवारा दिसला तर बोटानं चाचपू नका. एवढ्या दाबाचं ऑइल कातडीतून आत जातं, वरून टाचणीएवढं दिसतं आणि बोट कापायची पाळी येते. पुठ्ठा फिरवा. उचललेल्या ट्रॉलीखाली लाकडी ओंडक्याचा टेकू दिल्याशिवाय डोकं घालायचं नाही.

काळी_माती (सहा दिवसांनी)
उशीर झाला, माफी. शेजाऱ्याची ट्रॉलीही माझ्या ट्रॅक्टरवर अडली, आणि माझी त्याच्या ट्रॅक्टरवर भर दुपारी उलटली. म्हणजे दोष ट्रॅक्टरचाच. गेज वर्ध्यातून करून आणलं. सकाळी 1500 वर 170 बार. दुपारी 105, स्लो रेसवर तर 60.

मिस्त्रीला आकडे दाखवले. आधी जरा फुगला, मग स्वतःच म्हणाला लिफ्टचं झाकण काढू. पंपाकडून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या पाइपाची ओ-रिंग बाहेर काढली तर बांगडीसारखी कडक. नखानं दाबली तशी तुटली. एका जागी चपटी होऊन कापलेली होती, तिथून पाइपावर चकचकीत रेघ पडलेली. दोन्ही टोकांच्या बदलल्या, जाळी डिझेलनं धुतली, ऑइल नवीन टाकलं. खर्चात ऑइलच महाग पडलं.

काल दुपारी तापल्यावर 140 आलं. भरलेली ट्रॉली उलटते, सकाळपेक्षा हळू.

पाना_बावीस
170 चं 140 म्हणजे पंपही थोडा घासलाय, बारा वर्षांत घासणारच. गाळ होऊ द्या. दर महिन्याला तापल्यावरचा आकडा मडगार्डच्या आतून खडूनं लिहीत जा. 120 च्या खाली गेला की पंप खोला. गिअरच्या बाजूच्या प्लेटांवर नख फिरवा. नख अडकेल अशा चऱ्या असतील तर ऑइलमधून कचरा गेलाय, तेव्हा नुसता पंप टाकून भागणार नाही, टाकीही धुवावी लागेल. नवा पंप कोरडा बसवू नका, आत ऑइल ओतून हातानं दोन फेरे द्या, मग पहिली पाच मिनिटं रिकाम्या लिफ्टवर, स्लो रेसवर.

बेंचवर तपासणीसाठी नागपुरात हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला चौकशी करा. पण न्यायच्या आधी फोनवर एकच विचारा, प्रवाह मोजता की नुसता दाब? नुसता दाब सांगणाऱ्याकडं जायची गरज नाही, ते गेज आता तुमच्याकडंच आहे.

धुऱ्यावरचा
ते गेज चार दिवस मले देता का भाऊ? आमच्या वायसरवाल्या ट्रॅक्टरले लावून पायतो.

काळी_माती
या घेऊन जा. राहिलेल्या 22 खेपांना त्याचं काही काम नाही.