जुना लॅपटॉप आणि रांगणारं वायफाय: कोल्हापूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

घरात फायबर आलं, मोबाइलवर व्हिडिओ सुसाट चालतो आणि त्याच खोलीतला दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप मात्र साधी मेल उघडायला घाम काढतो. हे दुखणं बऱ्याच घरांत आहे, आणि सल्ला एकच मिळतो: नवीन घे. मला तो पटत नाही. स्क्रीन, कीबोर्ड ठणठणीत असलेलं मशीन नुसत्या वायफायपायी भंगारात घालायचं जिवावर येतं. म्हणून विचारतोय, तुमच्याकडे नेमकं काय निघालं आणि ते कसं सापडलं?

माझ्यापासून सुरुवात करतो. लॅपटॉप २०१२चा. आधी राउटरला लॅन केबल थेट जोडली. १०० एमबीपीएसचा प्लॅन, केबलवर ९४ मिळाले. म्हणजे लाइन चोख. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) टाकलं, तर रिसीव्ह रेट ७२. वायफाय कार्ड एका अँटेनाचं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४वर चालणारं. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर त्याची कमाल मर्यादाच ती, आणि हातात पडतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव या लॅपटॉपला दिसतच नाही. माझं काम तीस-पस्तीसात भागतं, त्यामुळे काहीच विकत घेतलं नाही. (कळंबा)

मंगळवार पेठ
आमचं घर जुनं, दगडी भिंती हातभर जाड. राउटर सोप्यात, मुलगी अभ्यासाला माडीवर. तिथं दोन कांड्या दिसायच्या आणि त्याही मधूनच जायच्या. रिपीटर (सिग्नल पकडून पुढं पाठवणारं यंत्र) लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तो अर्धा वेळ ऐकण्यात आणि अर्धा बोलण्यात घालवतो. आम्ही जिन्याच्या कडेनं लॅन केबल वर नेली आणि कपाटात पडलेला जुना राउटर माडीवर लावला. त्याचं डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा दिला आणि केबल त्याच्या वॅनमध्ये (बाहेरच्या लाइनच्या पोर्टात) न घालता लॅन पोर्टात घातली. खर्च फक्त केबलचा. लेक आता निवांत लेक्चर बघते.

राजारामपुरी
अपार्टमेंटमध्ये राहते. संध्याकाळी सगळी घरं ऑनलाइन आली की माझा लॅपटॉप रडायचा. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून पाहिलं, तर आजूबाजूचे बहुतेक राउटर ६ नंबरच्या चॅनेलवर. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आम्ही ११ ठेवला आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० केली. रुंदी कमी करून वेग कसा वाढेल, असं मिस्टर विचारत होते. गर्दीच्या रस्त्यावर अरुंद गाडी लवकर निघते, तसंच आहे ते.

शिवाजी उद्यमनगर
लाइट गेली की आमच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर नेट ढेपाळायचं. राउटर इन्व्हर्टरवर, मोबाइलला काही त्रास नाही, फक्त लॅपटॉपलाच. कारण बॅटरीवर गेला की विंडोज वायफाय कार्डाची वीज कमी करतं. पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अ‍ॅडॅप्टर सेटिंग आहे, तिथं 'ऑन बॅटरी'ला मॅक्झिमम परफॉर्मन्स करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूणही काढा. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण बिलं तरी वेळेत निघतात बघा.

फुलेवाडी
यूएसबी ३ ची हार्ड डिस्क काढा आणि परत तपासा. तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलनं २०१२मध्येच याची मोजमापं दिली होती. माझी डिस्क लांब वायरनं पलीकडच्या बाजूला ठेवली, प्रश्न मिटला.

शाहूपुरी, लॅपटॉप दुरुस्ती
अजून एक कारण सांगतो, ते बाहेरून दिसत नाही. खालचं झाकण उघडलं की वायफाय कार्डावर दोन बारीक वायरी येतात, बहुतेक एक काळी, एक पांढरी. त्या स्क्रीनच्या कडेच्या अँटेनापर्यंत बिजागरीतून जातात. वर्षानुवर्षं झाकण उघडझाप करून एखादी तुटते, किंवा आधी कुणी उघडलं असेल तर टोकाची पितळी कडी नीट बसलेली नसते. मग राउटरशेजारी नेट उत्तम आणि खोलीबाहेर शून्य. कडी सरळ रेषेत धरून नखानं दाबायची, बारीकसा टक् आवाज येतो. तिरकी दाबली तर चेपते, मग वायरच बदलावी लागते.

कार्ड बदलायचं असेल तर आधी मॉडेल तपासा. काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं घातलं तर मशीन सुरूच होत नाही. अशा गिऱ्हाइकाला मी सरळ ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हींवर चालणारं) यूएसबी डोंगल घ्यायला सांगतो.

कसबा बावडा
राउटर कुठलाही असो, आमचा आकडा ५४च्या वर जात नव्हता. राउटरच्या सुरक्षिततेच्या सेटिंगमध्ये टीकेआयपी ही वायफायची जुनी सांकेतिक पद्धत होती. त्यावर वायफायच्या एन दर्जाचं कार्डही त्याआधीच्या जी दर्जाच्या ५४वर येतं. त्याजागी नवी पद्धत, डब्ल्यूपीए२ एईएस केली आणि १४४ दिसू लागले. टीकेआयपी तसंही सुरक्षित राहिलेलं नाही, ते कुणीच ठेवू नये.

राजारामपुरी
बावड्यावाल्या दादांचं वाचून बाबांच्या घरचं सेटिंग पाहिलं. तिथंही टीकेआयपीच! बदललं. पण रात्री नऊनंतर त्यांचा वेग पुन्हा पडतो. आता काय बघू?

कळंबा
ताई, त्याच वेळेला लॅन केबल लावून मोजा. केबलवरही पडत असेल तर लॅपटॉप आणि राउटरच्या सेटिंगला हात लावू नका, दोष लाइनचा आहे. केबलवरच्या मापाचा वेळेसकट फोटो काढून तक्रारीला जोडा. वायफायवरचं माप दिलं की 'तुमचा लॅपटॉप जुना आहे' म्हणून परत पाठवतात. केबलवर वेग पूर्ण असेल तर टास्क मॅनेजर उघडा आणि त्या वेळेला अपडेट किंवा फोटोंचा बॅकअप चालू असतो का ते पाहा. निघालं ते इथं लिहा.