जिल्हा रुग्णालय खासगी मेडिकल कॉलेजकडे गेलं तर?

प्रश्न: नीती आयोगाच्या २०२० च्या मसुद्याप्रमाणे हे झालं, तर गरिबांच्या खाटांचं आणि शिकाऊ डॉक्टरांचं काय?

उत्तर १: मसुद्यात किमान ७५० खाटा, करार ६० वर्षांचा. साधारण निम्म्या खाटा बाजारभावाच्या! उत्पन्न तिथूनच, म्हणून चांगल्या नर्स आणि यंत्रं तिकडेच वळतात.

उत्तर २: शिक्षणही आटतं. पैसे भरणारा रुग्ण दहा विद्यार्थ्यांना पोट तपासू देत नाही. बाळंतपणं, टाके, प्लास्टर यांवर हात जनरल वॉर्डातच बसतो.

उत्तर ३: महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांचा नियम बघा: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के सवलतीत, बिलांतले २ टक्के गरीब रुग्णांसाठीच्या निधीत. तरी ‘खाट रिकामी नाही’ हे उत्तर तपासायचं कसं? करारातच रिकाम्या खाटांचा रोजचा फलक आणि दंड लिहून घ्या.