चार्ज की ब्लॉक? पंच बॉलकडे बघतच नसतो

मैदानावरचा (धागाकर्ता)
गेली अकरा वर्षं मी बास्केटबॉलच्या शालेय आणि क्लबच्या सामन्यांना शिट्टी वाजवतोय. परवा आमच्या जिल्ह्यात १७ वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. चौथा क्वार्टर, दीड मिनिट बाकी, दोन गुणांचा फरक. सात नंबर ड्रिबल करत सरळ आत घुसली, समोर बचाव करणारी अकरा नंबर. दोघी धडकल्या, पडल्या, आणि बॉल जाळीत गेला. मी उघड्या तळव्यावर मूठ मारून चार्जची, म्हणजे धडक देणाऱ्या सात नंबरच्या फाउलची, खूण केली आणि बास्केट रद्द केली. सगळे प्रेक्षक उभे राहून ओरडायला लागले, "हलत होती ती!"

हो, हलत होती. हलायला तिला परवानगी आहे. बचाव करणाऱ्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले की तिची जागा कायदेशीर झाली. त्यानंतर ती जागा राखण्यासाठी ती मागे सरकू शकते, बाजूला सरकू शकते, जागच्या जागी सरळ वर उडी मारू शकते. पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं हा समज कुठून आला माहीत नाही, पण प्रत्येक गावात भेटतो. मनाई आहे ती समोरचीने उडी घेतल्यावर तिच्या वाटेत शिरायला. तसं झालं असतं तर मी कमरेवर दोन्ही हात ठेवून ब्लॉक, म्हणजे बचाव करणारीचा फाउल, दिला असता.

प्रेक्षक बॉल बघतात. मी आधी अकरा नंबरचे पाय बघितले, मग तिची छाती. मी लीड होतो, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, बेसलाइनवर, आणि मुद्दाम दोन पावलं सरकून अशा जागी उभा राहिलो होतो की दोघींमधली फट मला दिसावी. फट कुणी मिटवली हे दिसलं तरच निर्णय देता येतो. मागून बघणाऱ्याला नुसती पाठ दिसते. नियम शिकायचे असतील तर आधी बचाव करणाऱ्याचे हक्क शिका, असं माझं ठाम मत आहे.

लेकीची आई
सात नंबर माझी मुलगी आहे. तो तिचा पाचवा फाउल होता, म्हणजे ती सामन्याबाहेर, त्यामुळे शेवटचं दीड मिनिट ती बाकावर बसून रडत होती. पाय आणि छातीचं तुमचं म्हणणं समजलं. पण पहिल्या क्वार्टरमध्ये तिला अशीच धडक बसली तेव्हा शिट्टी का नाही वाजली? तेव्हा ती पडली होती, गुडघा सोलला होता. मुलींनी नियम पाठ करायचे, आणि ते कधी लागू करायचे हे पंचांनी ठरवायचं?

जुना पिव्होट
ताई, अंगाला अंग लागलं की फाउल, असं नियमात कुठेच नाही. इतक्या छोट्या जागेत दहा जणी खेळतात, स्पर्श होणारच. त्या स्पर्शामुळे कुणाला गैरफायदा मिळाला का किंवा कुणाचं नुकसान झालं का, हे पंच बघतो. पडणं हा निकष नाही. लोक ट्रॅव्हलिंगवरून (बॉल हातात घेऊन जास्त पावलं टाकणं) असाच गोंधळ घालतात. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, २०१७ मध्ये 'शून्य पाऊल' आणलं. पळता पळता बॉल हातात घेताना जो पाय जमिनीवर असेल तो मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं मिळतात. तरी आजही कडेला कुणीतरी "तीन झाली, तीन झाली" म्हणून ओरडत असतोच.

मैदानावरचा
ताई, पहिल्या क्वार्टरची धडक मला आठवते. बॉल तुमच्या मुलीच्या हातातून आधीच सुटला होता आणि दोघी त्याच्यामागे धावल्या होत्या. दोघींचाही बॉलवर सारखाच हक्क होता, म्हणून शिट्टी नाही. पण पाचव्या फाउलनंतर ती बाकावर बसली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं होतं. ते सोपं नसतं.

कोच सर
मी दोन्ही संघांचा नाही, पण त्या दिवशी बेसलाइनच्या मागेच उभा होतो. धागाकर्त्यांनी पाय आणि छाती सांगितली, जागा सांगितली नाही. बास्केटखाली १.२५ मीटर त्रिज्येचं नो-चार्ज अर्धवर्तुळ असतं. हवेतली खेळाडू तिथे उभ्या असलेल्या बचावपटूवर आदळली तर चार्ज होत नाही. बचाव करणाऱ्या मुलीचा एक पाय रेषेवर असला तरी नाही, कारण रेषासुद्धा त्या भागातच धरतात. आता सांगा सर, त्या ग्राउंडवर ती रेषा होती का? सिमेंटचं कोर्ट आहे. फ्री थ्रोची रेषाच धड दिसत नाही, अर्धवर्तुळ तर कधी आखलेलंच नाही. मग अकरा नंबर आत होती की बाहेर, हे तुम्ही ठरवलं कशावरून?

या एका शिट्टीवर एका मुलीचा सामना संपला. अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल जाहीर करते, चुका कबूल करते. आपल्याकडे व्हिडिओ नाही, अहवाल नाही. मग निदान आयोजकांच्या समितीला तिथल्या तिथे निर्णय फिरवता आला पाहिजे.

जुना पिव्होट
रेषेचा मुद्दा बरोबर. समितीचा अजिबात नाही. १९७२ ची म्युनिक ऑलिंपिक फायनल घ्या. शेवटचे तीन सेकंद, अमेरिका सोव्हिएत संघापेक्षा एका गुणाने पुढे. घड्याळाचा आणि टाइमआउटचा घोळ झाला, आणि फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स स्वतः खाली येऊन सांगू लागले की तीन सेकंद परत द्या. तो अधिकार त्यांचा नव्हताच. ते तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले, सोव्हिएत खेळाडू बेलोव्हने बास्केट मारली, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं आजपर्यंत घेतलेली नाहीत. बाहेरच्या माणसाने हात घातला की असं होतं.

नागपाडेकर
मी बास्केटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या नागपाड्यात वाढलो, तिथे लहान पोरंसुद्धा ब्लॉक आणि चार्ज ओळखतात. तरी मी आईंच्या बाजूने आहे. समिती नको, पण शिट्टीनंतर त्या मुलीला "ती आधीच जागेवर होती" एवढं एक वाक्य सांगायला पाच सेकंद लागतात. आमचे जुने पंच सांगायचे, म्हणून आम्ही शिकलो. नुसती खूण करून स्कोअरच्या टेबलाकडे पळणारा पंच शालेय सामन्याला मला चालत नाही.

लेकीची आई
एवढंच हवं होतं. घरी आल्यावर ती रात्रभर विचारत होती, "मी नक्की काय चुकले?" मला उत्तर देता आलं नाही.

मैदानावरचा
कोच सर, रेषा नव्हती. अकरा नंबर एक पाऊल बाहेर होती असा माझा अंदाज होता आणि मी अंदाजावर निर्णय दिला. सामन्याआधी ग्राउंड बघायला गेलो तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं, ती चूक माझी. यापुढे सव्वा मीटरची दोरी आणि खडू बॅगेत ठेवीन आणि वॉर्मअपच्या आधी आखून घेईन.

ताई, मुलीला सांगा, उडी चांगली होती, पण आत घुसताना मान खाली होती. अकरा नंबर तिला दिसलीच नाही. एक पाऊल आधी थांबून शॉट घेतला असता तर दोन गुण मिळाले असते.

कोच सर
दोरीचं पटलं. निर्णयाचं अजूनही नाही. मी उभा होतो तिथून अकरा नंबरची टाच आत होती.