सहीपेक्षा पत्ता बघा

एखाद्या लेखकाचं जुनं पत्र विकत घेताना ते अस्सल आहे का हे ठरवायला त्यावरची सही पुस्तकातल्या सहीशी ताडून पाहिली की झालं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. नक्कल करणारा सगळ्यात जास्त सराव सहीचाच करतो. पत्त्याच्या बाजूकडे मात्र त्याचं लक्ष नसतं. पिनकोड आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. जुन्या बाजारात एकाने मला एका मोठ्या लेखकाचं 'अडुसष्ट सालचं' पत्र दाखवलं होतं. अक्षर झकास, शाईही छान फिकटलेली, आणि पत्त्यात सदाशिव पेठेखाली ठसठशीत ४११०३०! किंमत विचारायच्या भानगडीत पडलोच नाही.

म्हणून मी शक्यतो पोस्टकार्ड किंवा आंतरदेशीय पत्रच घेतो. पाकीट कुठलंही जोडता येतं हो, पण इथे मजकूर, पत्ता आणि पोस्टाचा शिक्का एकाच कागदावर असतात. छापील तिकिटावर 'नये पैसे' (दशमान नाणी आल्यावर पैशाला सुरुवातीला हेच म्हणत) असेल तर कार्ड 1957 ते 64 च्या दरम्यान छापलेलं. वापरलं नंतर असू शकतं, आधी नाही. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही.