‘औदुंबर’मधला काळा डोह निराशेचाच का?

नौपाड्याची वाचक:
शेजारची दहावीतली मुलगी काल चाचणीचा पेपर घेऊन आली. बालकवींच्या ‘औदुंबर’मधली आशा-निराशेची चित्रं विचारली होती. तिने लिहिलं, ‘डोह काळा असला तरी मला तिथे बसावंसं वाटतं.’ त्यावर लाल शाईची काट आणि समासात ‘काळा = निराशा’. दोन गुण गेले. गुणांचं काही नाही, मधलं ते ‘=’ चिन्ह मला खुपतंय.

कविता आठच ओळींची. पहिल्या सहांत हिरवा तीनदा येतो: हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरवी कुरणं. त्यातून पांढरी पायवाट ‘काळ्या डोहाकडे’ निघते आणि शेवट असा:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

मराठीत काळिमा फासतात, घराण्याला काळिमा लागतो. त्याच शब्दाला कवी ‘गोड’ म्हणतो. निराशाच सांगायची असती तर हे विशेषण त्याने कशाला लावलं असतं?

कोपरीकर:
मुलीचं उत्तर खोडायला नको होतं, हे मान्य. पण शिक्षकांना जे दिसलं ते कवितेत आहे. क्रियापदं बघा: झरा वाहतो, वाट चालली, औदुंबर बसला. सगळी हालचाल तिथे येऊन थांबते. चार घरांचं गाव आहे, पण माणूस एकही नाही. चुलीचा धूर नाही, गुराची हाक नाही. शेतमळ्यांची गर्दी मागे टाकून वाट एकटीच डोहाशी जाते. याच कवीच्या ‘पारवा’त पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर एकटा पारवा खिन्न गातो. त्याचं उदास मन ‘औदुंबर’ वाचताना बाजूला कसं ठेवायचं? आणि 1918 मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. हे ठाऊक असलेल्या वाचकाला काळा डोह नुसता डोह वाटत नाही.

येऊरचा वाटसरू:
मृत्यू नंतरचा, कविता आधीची. तो तिच्यावर लादू नका. ‘श्रावणमासी’ही त्याचीच आहे, ती वाचताना आपण भादली आठवत नाही.

मी झाडाचं बोलतो. येऊरच्या ओढ्याकाठी उंबर पाहिलाय, मुळं थेट पाण्यात. दुपारी त्याच्याखालचं पाणी लांबून डांबरासारखं दिसतं. मी जवळ जाऊन हात घातला तर तळाचे गोटे एकेक मोजता येत होते. पिकली उंबरं पाण्यात पडत होती आणि बारके मासे वर येऊन ती टोचत होते. तो काळेपणा खोलीचा नव्हता, सावलीचा होता. ‘पसरी’चा कर्ता औदुंबर धरा, ओळ लगेच उलगडते. काळिमा झाडाने पसरलाय, आणि झाड तर हिरवंच आहे.

कोपरीकर:
सुंदर सांगितलंत, पण एक अडचण राहते. डोह सहाव्या ओळीतच काळा आहे. झाड आठवीत येतं. मग सगळा काळेपणा सावलीचा कसा?

नौपाड्याची वाचक:
या प्रश्नापाशी मी रात्री बराच वेळ अडकले. मग ओळींचा क्रम लक्षात आला. सहाव्या ओळीत आपण अजून वाटेवर आहोत आणि डोह लांबून दिसतोय, म्हणून नुसता ‘काळा’. सातव्या ओळीत पाण्याशी पोचलो, तेव्हा कुठे ‘गोड’ आला. वाटसरूंनी हात घातल्यावर त्यांना गोटे दिसले, तसंच. काळं पुसलेलं नाही, काळिमा शब्द तिथेच आहे. तो गोड मात्र काठावर आल्यावर होतो.

कोपरीकर:
हा क्रम माझ्या नजरेतून सुटला होता. काळ्या डोहाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. ‘बसला’बद्दलचं नाही. हे बसणं मला अजूनही जगापासून दूर गेल्यासारखं वाटतं, मग ते दुःखाने असो की शांतपणे.

नौपाड्याची वाचक:
शांतपणे असेल तर मुलीला तिथे बसावंसं वाटलं त्यात नवल नाही. संध्याकाळी ती येणार आहे. तिचं वाक्य तसंच ठेवून त्याखाली सहावी आणि सातवी ओळ लिहायला सांगते. तुमची तीन क्रियापदंही दाखवते.